साठीनंतरची पहिली इयत्ता

(हीरक महोत्सवी वर्षातील शिक्षक-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशप्रवासाची वर्णने बहुधा लांबी, रुंदी आणि उंची यांनी भरलेली असतात. चीनच्या बाबतीत तर मोजमापांना तोटाच नाही. भिंत किती लांब, गाडी किती वेगवान, इमारत किती मजल्यांची, हे सारे कोणत्याही माहितीपुस्तकात मिळते. आज येथे सांगावयाची हकीकत जराशी निराळी आहे. ती एका निवृत्त शिक्षिकेची आहे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौतीस वर्षे पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवून त्या निवृत्त झाल्या. शेकडो मुलांची अक्षरांशी पहिली ओळख त्यांनी करून दिली. आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी, लेकीकडे शांघायला गेल्या असता, त्या स्वतःच निरक्षर झाल्या. लहानथोर सारे त्यांना ‘बाई’ म्हणत. येथेही त्यांना बाईच म्हणणे योग्य ठरेल.

विमानतळावर पाट्यांखाली इंग्रजी अक्षरे होती, तोवर बाईंचा धीर टिकून होता. तेथून शहराच्या दिशेने जाणारी चुंबकीय गाडी सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आठेक मिनिटांत तोडते. बाईंनी पर्समधली लवंग शोधून तोंडात टाकेपर्यंत उतरण्याची वेळ झाली. ‘एवढ्या घाईने न्यायचे होते, तर गाडीत बसायला जागा कशाला केली?’ हा चीनविषयीचा त्यांचा पहिला शेरा. मात्र लेकीच्या वसाहतीत शिरताच इंग्रजीने निरोप घेतला. दुकानाची पाटी, बसचा फलक, लिफ्टमधली सूचना, दुधाची पिशवी, औषधाची बाटली, जिकडेतिकडे चौकोनी, देखणी, गच्च भरलेली अक्षरे. वर्गाच्या दारातूनच शेवटच्या बाकावरच्या पाटीवरील चुकलेली वेलांटी ओळखणाऱ्या त्या डोळ्यांना आता समोरच्या दुकानात औषधे मिळतात की मिठाई, हेही कळेनासे झाले.

‘फोन आहे की,’ असे कोणी म्हणेल. फोन बाईंकडेही होता. पाटीसमोर धरला की तो भाषांतर करून दाखवी. पहिल्याच उपाहारगृहात त्याने पदार्थांची यादी वाचून दाखवली, तेव्हा एका पदार्थाचे नाव निघाले ‘झाडावर चढणाऱ्या मुंग्या’. त्याच्या खालचे नाव ‘नवराबायकोच्या फुप्फुसाचे काप’. दोन्ही पदार्थ तेथे सुप्रसिद्ध आहेत. पहिल्यात ना मुंग्या असतात ना झाड. असतात त्या शेवया आणि त्यांना चिकटलेला खिमा. दुसऱ्याला ते नाव तो विकणाऱ्या जोडप्यावरून पडले, असे सांगतात. बाई शाकाहारी असल्याने दोन्हींतून सुटल्या. परंतु फोनला वाचता येणे आणि आपल्याला वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या दिवशी नक्की झाले.

बाईंनी पहिली चिनी अक्षरे शिकली ती संस्कृतीच्या ओढीने नव्हे, तर निकडीपोटी. वसाहतीजवळच्या बागेतील स्वच्छतागृहाला दोन दारे होती आणि दारांवर केवळ एकेक अक्षर होते. कोणत्या दाराने जावे, हा प्रश्न तातडीचा होता. तो सोडवला त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने. तिने आजीला सांगितले की, ज्या अक्षरात वर चार वाफ्यांचे शेत आणि खाली ‘बळ’ आहे ते पुरुषांचे. शेतात राबणारे बळ म्हणजे पुरुष, अशी त्याची फोड. बाईंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ‘भातलावणी कोण करते, ते या लिपी करणाऱ्यांनी विचारलेले दिसत नाही.’ पाठोपाठ नातीने ‘तोंड’ शिकवले. ते एक साधा चौकोन. त्याच्या आधी ‘आत’ हे अक्षर आले की प्रवेशद्वार, ‘बाहेर’ हे अक्षर आले की बाहेर पडण्याचा मार्ग. पहिल्या दिवसाचा अभ्यास येथे संपला.

ही नात तेथील शाळेत तिसरीत शिकत होती. दीड वर्षाची असताना ती आईवडिलांबरोबर शांघायला गेली. घरात मराठी बोले, तीही खणखणीत. मात्र मराठी वाचणे तिला येत नव्हते. दर वाढदिवसाला आजीने पाठवलेले पत्र तिची आई तिला वाचून दाखवी. म्हणजे बाईंच्या घरातच एक गमतीदार परिस्थिती निर्माण झाली होती. चौतीस वर्षे अक्षरे शिकवणाऱ्या आजीला चिनी पाटी वाचता येत नव्हती, आणि शेकडो चिनी अक्षरे सहज वाचणाऱ्या नातीला आजीचे पत्र वाचता येत नव्हते. दोघी एकमेकींपुरत्या निरक्षर होत्या. त्यावर तोडगा निघाला. रोज संध्याकाळी नातीने आजीला चार चिनी अक्षरे शिकवायची आणि आजीने नातीला चार मराठी अक्षरे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरू लागली.

बाईंना चौकटीची वही मिळाली. चिनी मुले प्रत्येक अक्षर एका चौकटीत बसवायला शिकतात. चौकटीतही आडवी-उभी तुटक रेघ असते. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, याचा क्रम ठरलेला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बाईंनी एकदा उजवीकडची रेघ आधी काढली. अक्षर दिसायला अगदी बरोबर उमटले होते. नातीने तरीही लाल पेनाने त्याला गोल केला. ‘दिसतेय की बरोबर,’ असे बाई म्हणाल्या. ‘दिसतंय, पण काढलं चुकीचं,’ असे उत्तर आले. हे वाक्य बाईंनी स्वतः हजार वेळा उच्चारले होते. ते ऐकायला कसे लागते, हे त्यांना प्रथमच कळले.

या मुलांचा भार हलका नव्हे. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३००० अक्षरे ओळखता यावीत आणि त्यांतील २५०० लिहिता यावीत, अशी तेथील अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. सुरुवातीला उच्चार कळावा म्हणून रोमन लिपीतील ‘पिनयिन’ शिकवतात. ती पद्धत १९५८ मध्ये अधिकृत झाली. येथे मात्र बाईंना अनपेक्षित मदत मिळाली, ती देवनागरीची. रोमन अक्षरांत ‘ब’ लिहिलेला असतो, तो चिनी माणूस ‘प’ असा उच्चारतो आणि ‘प’ लिहिलेला असतो, तो ‘फ’ असा. तसेच ‘द’चा ‘त’ आणि ‘त’चा ‘थ’. म्हणून ज्या शहराला जग बीजिंग म्हणते, त्याचा उच्चार पेइचिंगच्या अधिक जवळ जातो. इंग्रजीवरून चिनी शिकणारा येथे हमखास अडखळतो. मराठी मुलाला प-फ, त-थ, क-ख या जोड्या पहिलीतच पाठ असतात. इतकेच काय, ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतील दोन वेगळे ‘च’ आपल्या जिभेवर असतात, त्यांच्यासारखे दोन उच्चार चिनीतही आहेत. बाईंनी आपली सारी टिपणे देवनागरीत काढली आणि त्यांचे उच्चार ऐकून नातीच्या आईला आश्चर्य वाटले.

फजिती झाली ती सुरांची. चिनी भाषेत एकाच ध्वनीला चार सूर असतात आणि सुराबरोबर अर्थ पालटतो. ‘मा’ सपाट उंच सुरात म्हटले तर आई, खाली जाऊन वर आणले तर घोडा. ‘माय’ या शब्दाचे तर विचारू नये. एका सुरात त्याचा अर्थ विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. बाई पिशवी घेऊन मंडईत गेल्या आणि भाजीवालीला मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाल्या की, त्यांना पालक विकायचा आहे. भाजीवालीने त्यांच्या रिकाम्या पिशवीत डोकावून पाहिले. मग ती इतकी हसली की तिने पालकाच्या जोडीला कोथिंबिरीची एक जुडी तशीच दिली. बाईंचे म्हणणे असे की, अशुद्ध उच्चाराचा फायदा झाल्याचे आयुष्यातले हे एकच उदाहरण.

पण त्याच मंडईत त्यांना घरच्यासारखे वाटायला लावणारी एक गोष्ट सापडली. चिनी माणूस अनोळखी प्रौढ स्त्रीला ‘आ-यी’ म्हणतो. घरकाम करणारी बाईही आ-यी. ‘यी’ म्हणजे आईची बहीण. म्हणजे सरळ मराठीत, मावशी! आपल्या शाळेत घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या सेविकांना सारी मुले मावशीच म्हणतात. इंग्रजीला एका ‘आंटी’वर भागवावे लागते; चिनी भाषेत मात्र आत्या निराळी, मावशी निराळी, मामा निराळा आणि काका तर वडिलांहून मोठा की धाकटा यावरूनही निराळा. एका नात्यावर मात्र बाई रुसल्या. आईच्या आईला तेथे ‘वाइ-फो’ म्हणतात आणि त्यातील ‘वाइ’चा अर्थ ‘बाहेरची’. ‘मी बाहेरची कशी?’ असे त्यांनी नातीला विचारले. नातीने थोडा विचार करून सांगितले, ‘तू बाहेरगावची आहेस ना, म्हणून.’ हे स्पष्टीकरण शास्त्रशुद्ध नव्हते, पण सोयीचे होते.

निरक्षरतेची खरी किंमत एका सकाळी चहात उतरली. घरातली साखर संपली होती. बाई कोणालाही न उठवता खालच्या दुकानातून पांढऱ्याशुभ्र स्फटिकांची पिशवी घेऊन आल्या. चहा झाला. जावयांनी पहिला घोट घेतला, क्षणभर थांबले आणि सासूबाईंविषयीच्या आदराने उरलेला कप संपवला. ‘आई, चव जरा वेगळी आहे,’ एवढेच म्हणाले. बाईंनी आपला कप तोंडाला लावला, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांवर चव खुलवण्यासाठी जी पूड घालतात, तीच त्या पिशवीत होती. बाई त्या दिवशी फारशा हसल्या नाहीत. त्यांना आपल्या वर्गात पूर्वी शिकून गेलेल्या मुलांच्या काही आया आठवल्या. त्या स्त्रिया औषधाची बाटली शाळेत आणून विचारत, ‘बाई, हे पोटात घ्यायचं का वरून लावायचं?’ तेव्हा बाई घाईत सांगून मोकळ्या होत. चहा फुकट जाणे ही गंमत झाली. औषधाची बाटली चुकणे ही गंमत नव्हे.

त्या संध्याकाळचे पहिले अक्षर अर्थातच ‘साखर’ होते. उच्चार ‘थांग’. त्याचा डावा भाग धान्याचा, म्हणजे अर्थाची खूण. उजवा भाग ‘थांग’ या राजवंशाच्या नावाचा, म्हणजे उच्चाराची खूण. अनेक चिनी अक्षरे अशीच दोन खुणांची बनलेली असतात. आणि योगायोग पाहा. याच थांग राजवंशातील सम्राट थाइत्सुंगाने सातव्या शतकात साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. चीनने साखरेची विद्या भारताकडून घेतली आणि हिंदी भाषकांनी साखरेला ‘चीनी’ म्हटले. चहाचे उलट झाले. तो तेथून आला आणि नावही घेऊन आला. चिनी माणूस त्याला ‘छा’ म्हणतो. मराठी ‘चहा’ घाईने म्हटला की ऐकणाऱ्याला ‘छा’च ऐकू येतो. लोणच्याच्या बरणीची माती तर आपण अजूनही चिनीच म्हणतो.

मार्चअखेरीस गुढीपाडवा आला. सतराव्या मजल्यावर गुढी कशी उभारावी, याची लेकीला चिंता होती. परंतु शांघायमध्ये खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालण्याची जुनी रीत आहे. काठी घरातच मिळाली. रेशमी वस्त्राला तर चीनमध्ये काय तोटा? कडुनिंब मात्र मिळेना. बाईंनी कारल्याचा तुकडा तोंडात टाकून कडूपणाचा विधी पार पाडला. शेजारच्या वृद्ध बाईंनी गुढी पाहिली आणि कळकळीने सांगितले की, साडी वाळेल, पण तिच्यावर तांब्या कशाला ठेवला? नातीने सारे समजावून सांगितले. थोड्या वेळाने त्या शेजारीण हिरव्या गोळ्यांची बशी घेऊन आल्या. वसंतात तेथे होणारे हे ‘छिंगथुआन’. चिकट तांदळाच्या पिठीत रानवनस्पतीचा हिरवा रस घालून, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड सारण भरून वाफवतात. कळ्या नसलेला हिरवा मोदकच तो. बाईंनी उलट पुरणपोळी दिली. शेजारणीने घास घेतला आणि पोळीतल्या पुरणाकडे व आपल्या बशीकडे बोट दाखवले. दोघींची संमती झाली. या संभाषणाला अक्षरांची गरज पडली नाही.

एप्रिलच्या आरंभी छिंगमिंग येतो. पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून तेथे फुले वाहण्याचा हा सण. त्याची सुट्टी साधून सारे कुटुंब शीआनला निघाले. शांघायपासून वेगवान गाडीने सहाएक तास. डब्यात प्रत्येक टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. चीनमध्ये पाणी मागितले की गरम येते; थंड पाणी प्यालेले तेथील आजीबाईंना खपत नाही. बाईंना हा देश एकदम शहाणा वाटू लागला.

शीआनचे मातीचे सैन्य सर्वांना ठाऊक आहे. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. हजारो सैनिक आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा. बाईंनी रांगा पाहून ‘हजेरी घ्यायला दोन तास तरी लागतील’ असा अंदाज केला. ज्या सम्राटाच्या रक्षणासाठी हे सैन्य पुरले, त्या छिन श-ह्वांगने इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एकछत्री केला आणि पाठोपाठ साऱ्या देशाची लिपीही एक केली. तेव्हापासून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या माणसाला एकमेकांचे बोलणे कळले नाही, तरी लिहिलेले कळू शकते. चिनी अक्षरांचा भार का वाहायचा, याचे उत्तर बाईंना तेथे मिळाले. त्याच गावी शेवयांच्या एका पदार्थाचे नाव लिहायला पन्नासहून अधिक रेघा लागतात. बाईंनी नातीला ते लिहायला सांगितले. नातीने उपाहारगृहाच्या पाटीकडे पाहिले, पेन खाली ठेवले आणि जाहीर केले की हे अक्षर परीक्षेला नाही.

शीआनच्या दक्षिणेस रानहंसाचा मोठा पॅगोडा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातला ह्युएन त्संग, म्हणजे चिनी उच्चाराप्रमाणे श्वेनचांग, भारतातून ६४५ मध्ये परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. हा माणूस पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि सूड घ्यायचा झाल्यास शत्रूला आधी कळवून मग घेतात, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. हे ऐकल्यावर जावयांनी एकदा सासूबाईंकडे पाहिले, आणि चहाचा विषय त्या दिवशी काढला नाही.

त्याच ग्रंथात श्वेनचांगने आपल्या वाचकांसाठी आणखी एक नोंद केली आहे. भारतीयांची मूळ अक्षरे सत्तेचाळीस आहेत आणि त्यांच्या जुळणीतून ते सारे काही लिहितात. हजारो अक्षरे येणाऱ्या या विद्वानाने प्रौढ वयात परदेशी येऊन, नालंदेत बसून संस्कृतचे धडे गिरवले होते. बाई त्याच्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. साठीनंतर चौकटीची वही हाती धरण्यात काही कमीपणा नाही, याची जणू त्यांना लेखी परवानगी मिळाली.

शीआनहून शांघायला सरळ परतायचे सोडून कुटुंबाने उत्तरेची वाट धरली. कारण बाईंचे माहेर सोलापूरचे, आणि श-च्या-च्वांग या शहरात सोलापूरच्या एका डॉक्टरची समाधी आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जखमी चिनी सैनिकांच्या सेवेसाठी गेले. त्यांच्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले. ते चिनी शिकले, चिनीत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. छिंगमिंगच्या दिवसांत हुतात्मा स्मारकाच्या त्या उद्यानात फुले घेऊन आलेल्यांची वर्दळ होती. शाळेची मुले रांगेने येत होती.

नातीने फलक वाचायला सुरुवात केली. कोटणीसांचे चिनी नाव ‘ख तीह्वा’. त्यातील ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यांच्या मुलाचे नाव ठेवले ‘यिनह्वा’, म्हणजे भारत-चीन. ती पुढे वाचणार, तोच बाईंनी तिला थांबवले आणि एका अक्षरावर बोट ठेवले. ‘यिन,’ त्या म्हणाल्या. नंतर शेजारच्या अक्षरावर बोट नेले. ‘यिन-तू. भारत.’ चीनमध्ये कोणाच्याही मदतीशिवाय वाचलेला हा त्यांचा पहिला शब्द. नातीने काही म्हटले नाही. फक्त मान डोलावली, जशी वर्गात बाई डोलावत.

शांघायला परतल्यावर शाळा पुन्हा टेबलावर भरू लागली. आता अडचण नातीची होती. चिनी मुलाला प्रत्येक अक्षर शिकताना त्याचा अर्थ मिळतो. डोंगर, पाणी, घोडा, तोंड. तिने सरळ विचारले, ‘आजी, क म्हणजे काय?’ चौतीस वर्षांत हा प्रश्न बाईंना कोणी विचारला नव्हता. कमळाचा क, असे सांगून भागत असे. बाई म्हणाल्या, ‘क म्हणजे काहीच नाही. क म्हणजे नुसता क.’ ‘मग तो शिकायचा कशाला?’ बाईंनी क लिहिला, त्याच्यापुढे प लिहिला आणि टेबलावरचा कप दाखवला. मग प पुसून र लिहिला. ‘कर,’ नात म्हणाली. मग स लिहिला. ‘कस.’ त्या संध्याकाळी तिने आपणहून एकवीस शब्द तयार केले आणि झोपायला उशीर झाला म्हणून दोघींनाही बोलणी बसली.

निघण्याच्या आदल्या सकाळी दोघी बागेत गेल्या. चीनमधील बागांत निवृत्त माणसे सकाळी जमतात; कोणी नाचतात, कोणी संथ व्यायाम करतात. एक वृद्ध गृहस्थ मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरे लिहीत होते. ओळ संपेपर्यंत आरंभीची अक्षरे वाळून नाहीशी होत. बाई इतक्या तन्मयतेने पाहू लागल्या की त्या गृहस्थांनी कुंचला त्यांच्यापुढे केला. बाईंनी फरशीवर दोन मोठी अक्षरे लिहिली. पाटीवर लिहावीत तशी, रेघेला लटकवून. नात वाकली आणि तिने वाचले, ‘आ… जी.’ गृहस्थांनी अर्थ विचारला. तिने सांगितला. त्यांनी कुंचला घेऊन शेजारी ‘वाइ-फो’ लिहिले. ऊन चढत होते. दोन्ही शब्द थोड्या वेळात वाळले.

मित्रहो, या हकीकतीतून घेण्यासारखे काय, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत येणारे मूल बरेचदा त्या नातीसारखे असते. मराठी त्याच्या कानात आणि जिभेवर असते, डोळ्यांत नसते. बाजारातली पाटी दुसऱ्या भाषेची, खेळातले सोबती तिसऱ्या भाषेचे. ‘क शिकायचा कशाला?’ हा त्याचाही प्रश्न आहे; ते तो मोठ्याने विचारत नाही इतकेच. त्याला उत्तर द्यायचे, तर आधी त्याच्या बाकावर बसून पाहिले पाहिजे. बाईंना त्यासाठी शांघायला जावे लागले. प्रत्येकाने तेवढे लांब जाण्याचे कारण नाही. या शहराची लिपी शिकायला बसलेला मराठी शिक्षक किंवा पालक मुलांच्या दृष्टीने अधिक विश्वासाचा माणूस ठरेल.

बाईंच्या यंदाच्या वाढदिवसाला शांघायहून पत्र आले. चौकटीच्या वहीचा कागद, प्रत्येक चौकटीत एक देवनागरी अक्षर, आठ ओळी. त्यात शेजारच्या आ-यींची खुशाली होती आणि ‘बाबा आता चाहा नीट पितात’ अशी बातमी होती. बाईंनी पत्र तीनदा वाचले. मग लाल पेन घेऊन ‘चाहा’भोवती गोल केला, शेजारी ‘चहा’ असे लिहिले आणि त्याच टपालाने परत पाठवले. नातीनेही त्यांना कधी सूट दिली नव्हती.